टॅक्सी कोणाच्या सोयीची?

बडोद्याहून वा इंदुराहून निघालेली आगगाडी मुंबई सेंट्रलला पोहोचली, किंवा ग्वाल्हेरकडची पंजाब मेल बोरीबंदरात येऊन थांबली, म्हणजे स्थानकाबाहेर पडणाऱ्या उतारूच्या दृष्टीस प्रथम पडे ती काळ्या अंगाच्या आणि पिवळ्या टपाच्या टॅक्सींची रांग. हमालाच्या डोक्यावरील ट्रंक, होल्डॉल व फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी यांची सोय लागे, घरातील माणसे एकमेकांना सांभाळीत आत बसत, आणि मीटरचा झेंडा खाली पडला की मुंबई सुरू होई. कित्येक दशके ही गाडी बहुधा एकाच जातीची असे. सरकारी कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत फियाटच राहिली.

ह्या जातीच्या अखेरच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा २० वर्षांची असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर येणे बंद झाले. त्या दिवशी वृत्तपत्रांनी तिच्यावर भरभरून लिहिले. परंतु जे तिच्यात बसले होते त्यांना हेही स्मरत असेल की, मागच्या आसनावर उंच माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला टेकत आणि मे महिन्यात आतील हवा भट्टीसारखी होई. मग ही गाडी इतकी वर्षे टिकली ती कशाच्या बळावर? तिला चांगली टॅक्सी म्हणावे काय?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. घरची मोटार विकत घेणारा, चालविणारा व तीत बसणारा बहुधा एकच असतो. गाडी आवडली नाही तर तो दुसरी घेतो. टॅक्सीवर मात्र तिघांचा हक्क असतो. उतारू तीत अर्धा तास बसतो. चालक बारा बारा तास बसतो, आणि तिच्यावरच त्याची चूल पेटते. तिसरे शहर; त्याचा रस्ता ती अडविते, त्याच्या हवेत धूर सोडते आणि त्याच्याच नियमांखाली चालते. ह्या तिघांपैकी कोणाचे म्हणणे ऐकले गेले, हे त्या त्या शहरातील टॅक्सीच्या घडणीकडे पाहिले की कळून येते.

याचा सर्वांत जुना दाखला लंडनचा. तेथे १६३४ साली जॉन बेली नावाच्या एका निवृत्त नाविक कप्तानाने स्ट्रँड रस्त्यावर चार घोडागाड्या भाड्यासाठी उभ्या केल्या, चालकांना एकसारखा पोशाख दिला आणि भाड्याचे दर ठरवून दिले. गाड्यांचा पहिला अड्डा तो हाच, असे मानतात. वीस वर्षांनी, १६५४ साली, पार्लमेंटला ह्या धंद्यासाठी स्वतंत्र हुकूम काढावा लागला. त्या काळच्या गाड्या बहुधा सरदार-दरकदारांनी वापरून टाकून दिलेल्या, अवजड, चार चाकांच्या अशा असत. भाड्यासाठी म्हणून मुद्दाम गाडी घडवावी, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आलेला दिसत नाही.

तो विचार १८३४ साली पेटंट घेणाऱ्या जोसेफ हॅन्सम याच्या मनात आला. हा मनुष्य गाड्या बांधणारा नव्हे, इमारतींचा वास्तुशिल्पज्ञ होता. त्याने दोन चाकांची, जमिनीलगत बसकी अशी गाडी योजिली. पुढे जॉन चॅपमनने तीत सुधारणा करून चालकाचे आसन टपाच्या मागे उंच बसविले, आणि जगभर ‘हॅन्सम’ म्हणून ख्यात झालेले वाहन तयार झाले. एक घोडा, दोन उतारू, भरपूर वेग व चटकन वळण्याची क्षमता. चालक टपातील लहानशा झडपेतून आतल्याशी बोले, आणि पैसे हाती पडेपर्यंत दाराची पकड सोडणे न सोडणे हे त्याच्याच हाती असे. ही शेवटची योजना ज्याने कोणी काढली त्याला भाडे बुडविणाऱ्यांचा चांगलाच अनुभव असला पाहिजे! परंतु हॅन्समच्या टपाखाली उतारू कोरडा बसे आणि चालक मागे उघड्यावर पाऊस व बर्फ अंगावर घेई. सामान घेऊन स्थानकावर उतरलेल्या कुटुंबाला तर ती निरुपयोगीच. त्यांच्यासाठी चार चाकांची बंद गाडी असे. फरसबंदीवर तिचा जो खडखडाट होई त्यावरून लोकांनी तिला ‘गुरगुरणारी’ असे नाव ठेवले होते. म्हणजे एकाच शहराला दोन प्रकारच्या गाड्या लागत होत्या, आणि दोहोंतही चालकाच्या सुखाचा विचार नव्हता.

घोडा जाऊन यंत्र आले तेव्हा पहिला मान पेट्रोलला मिळाला नाही, विजेला मिळाला, ही गोष्ट आज आवर्जून सांगण्याजोगी आहे. १८९७ च्या ऑगस्टात वॉल्टर बर्सी याच्या योजनेप्रमाणे बांधलेल्या विजेच्या गाड्या लंडनच्या रस्त्यांवर धावू लागल्या. त्यांच्या मंद आवाजावरून आणि पिवळ्या-काळ्या रंगावरून लोक त्यांना गुंजनपक्षी म्हणू लागले. धूर नाही, लीद नाही, दाणावैरण नाही. पण गाडी पडली सुमारे दोन टनांची. त्या ओझ्याने रबरी टायर झिजत, बॅटरीच्या काचा तडकत, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नाला पुरून उरे. दोन वर्षांत, १८९९ साली, कंपनीचा कारभार आटोपला. गाडी शहराला सोयीची होती, उतारूला नवलाची होती, फक्त धंद्याला परवडत नव्हती. आणि टॅक्सीच्या बाबतीत त्या एका उणेपणाने बाकीचे सर्व गुण फुकट जातात.

१९०३ साली लंडनमध्ये पेट्रोलवर चालणारी पहिली भाड्याची मोटार आली. तिच्यामागून इतक्या तऱ्हेच्या गाड्या आल्या की, १९०६ साली पोलीस खात्याच्या सार्वजनिक वाहन कचेरीने गाडी कशी असावी याचे नियमच घालून दिले. गाडीचा पोटाचा भाग जमिनीपासून दहा इंच उंच असावा, ही अट पुढे सैल झाली. दुसरी अट मात्र आजवर टिकून आहे. गाडी २५ फुटांच्या वर्तुळात वळली पाहिजे, असे ती सांगते. त्या काळच्या मोटारी बनविणाऱ्यांना हे अशक्यप्राय वाटले आणि त्यांनी कुरकुरही पुष्कळ केली. सॅव्हॉय हॉटेलच्या दारापुढील चिंचोळ्या अंगणासाठी हा नियम झाला, अशी कथा लंडनमध्ये सर्रास सांगितली जाते. एका हॉटेलाखातर कायदा करावा इतकी त्या शहरात अरुंद गल्ल्यांची वाण नव्हती! रस्त्याच्या पलीकडून कोणी हात केला तर टॅक्सीला तेथल्या तेथे वळता आले पाहिजे. पुढेमागे करीत ती आडवी उभी राहिली की दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबते. नियमातील शहाणपण ते एवढेच, आणि हा वळण्याचा गुण त्यांनी घेतला तो घोड्याच्या हॅन्सम गाडीकडून.

पुढच्याच वर्षी, १९०७ साली, लंडनच्या मोटार-टॅक्सींना मीटर सक्तीचा झाला. फ्रीड्रिश ब्रून ह्या जर्मनाने १८९१ साली तयार केलेल्या ‘टॅक्सीमीटर’ ह्या उपकरणावरून तर वाहनाला टॅक्सी हे नाव पडले. त्यापूर्वी प्रत्येक प्रवासाच्या अखेरीस भांडण ठरलेले असे. अंतर किती झाले हे चालक एक सांगे, उतारू दुसरे. न्यूयॉर्कमध्ये हॅरी ॲलन ह्या गृहस्थाला पाऊण मैलासाठी पाच डॉलर मोजावे लागले, त्या रागाने त्याने १९०७ साली फ्रान्सहून ६५ मोटारी मागवून मीटरच्या टॅक्सींची कंपनी काढली, असे सांगतात. गाडीचे इंजिन कसेही असो, आकडा दाखविणारा तटस्थ साक्षीदार जवळ असणे हा टॅक्सीचा गुण उतारूला सर्वांत आधी हवा असतो.

लंडनच्या नियमांतून जी गाडी अखेर घडली तिचा नमुना म्हणजे १९४८ ची ऑस्टिन एफएक्स-३. चालकाच्या डाव्या हाताला आसनही नाही व दारही नाही. तेथे उघडा फलाट, त्यावर सामान रचावयाचे. मागे उंच टप, इतका उंच की उतारूला टोपी काढावी लागू नये. चालक व उतारू यांच्यामध्ये काचेचा पडदा. १९५८ साली तिच्या जागी एफएक्स-४ आली. तिने सामानाच्या फलाटाला चौथे दार बसविले आणि चालकाला वाऱ्यापावसातून सोडविले. हॅन्समच्या मागे भिजणाऱ्या गाडीवानापासून ह्या चौथ्या दारापर्यंत यावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

तथापि ह्या आदर्श गाडीला एक किंमत होती, आणि ती चालक भरीत होता. २५ फुटांत वळणारी मोटार दुसऱ्या कोणास नको असल्यामुळे ती बनविणारे मोजकेच राहिले. खप थोडा, म्हणून दर अधिक. दर अधिक, म्हणून चालक वर्षानुवर्षे कर्जाच्या हप्त्यांत. खप थोडा असल्यानेच नवी घडण आणण्याची कोणास घाई नव्हती. १९५८ ची एफएक्स-४ नावे व इंजिने बदलीत १९९७ पर्यंत निघत राहिली. लंडनला भेट देणारे परदेशी लोक ह्या जुनेपणाला परंपरा म्हणून गौरवितात. त्या परंपरेचा पुष्कळसा भाग निव्वळ नाइलाज होता.

आणखी एक उतारू असा होता की ज्याला एवढ्या नियमांत कोणी विचारलेच नव्हते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या अपंगाला ह्या प्रशस्त गाडीत खुर्चीसकट शिरता येत नसे. १९८९ पासून लंडनच्या नव्या टॅक्सींना ही सोय आवश्यक झाली, आणि २००० सालापासून सर्वच टॅक्सींना. गाडी मुळात उंच होती म्हणून हे साधले. उंच टोपीसाठी राखलेली जागा खुर्चीच्या उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

न्यूयॉर्कने वेगळी वाट धरली. तेथील चेकर कंपनी टॅक्सीसाठीच गाड्या बांधी. १९५६ साली तिने जी गाडी काढली तिचे बाह्यरूप १९८२ साली कारखाना मोटारी बनविणे थांबवीपर्यंत जवळजवळ तेच राहिले. मागे सपाट तळ, पाय पसरण्याइतकी जागा आणि गरजेपुरती उघडणारी दोन घडीची आसने. पाच माणसे मागे बसत. मडगार्ड चेपले तर बोल्ट काढून नवे लावावे, बाकी गाडीला हात लावावयाचा नाही. उतारू आणि गाड्यांचा ताफा बाळगणारा मालक अशा दोघांना ती सारखीच प्रिय होती. पण ती फार पेट्रोल पिई. १९७३ नंतर तेल महागले तेव्हा हा गुण-अवगुणांचा जमाखर्च पार बदलला. १९७६ साली तेथील आधुनिक कला संग्रहालयाने नव्या टॅक्सीचे नमुने मागवून प्रदर्शन भरविले. व्होल्व्हो, फोक्सवॅगन, आल्फा रोमिओ अशा नामांकित कारखान्यांनी उत्तम नमुने पाठविले. लोकांनी ते पाहिले, वाखाणले, आणि बाहेर येऊन नेहमीच्याच टॅक्सीला हात केला. त्यांतील एकही नमुना न्यूयॉर्कची टॅक्सी झाला नाही.

मुंबईत टॅक्सीसाठी मुद्दाम गाडी कोणी कधी घडविली नाही. येथे आधी व्हिक्टोरिया होती. उघडी, घडीच्या टपाची, उंच बैठकीवर गाडीवान असलेली ही घोडागाडी मोटारी आल्यावरही पुष्कळ वर्षे टिकली. पुढे ती केवळ समुद्रकाठच्या फेरफटक्याची उरली, आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने तिला बेकायदेशीर ठरविले. मोटार-टॅक्सींचा जमाना सुरू झाला तेव्हा त्यांत डॉज, शेव्हरोले यांसारख्या प्रशस्त अमेरिकन गाड्यांचा भरणा होता. बसणाऱ्याला त्या सुखाच्या, पण त्यांची पेट्रोलची भूक व सुटे भाग परदेशाहून आणावे लागणे ही दोन्ही दुखणी चालकाच्या मुळावर येत.

ह्या ठिकाणी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे नाव घेणे प्राप्त आहे. त्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज व प्लिमथ गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि फियाट ११०० ही मध्यम कुटुंबासाठी योजलेली मोटार कुर्ल्याहून निघू लागली. १९६४ पासून तिचे जे रूप आले ते पुढे जवळजवळ तसेच चालले; फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. ज्या इटालियन कारागिरांनी तिचा आराखडा केला त्यांच्या मनात काळबादेवीची गर्दी किंवा परळचे पाणी असण्याचे कारण नव्हते.

तरीसुद्धा ती मुंबईला मानवली. लांबी अवघी चार मीटरच्या आत व रुंदी दीड मीटरहून कमी, त्यामुळे हातगाड्यांतून, बैलगाड्यांतून, उभ्या ट्रकांच्या कडेने ती निघून जाई. कलकत्त्याच्या रुंद बांध्याच्या ॲम्बॅसडरला हे जमणे कठीण. तिचे गुण वेगळे होते व ते कलकत्त्याने जाणले. फियाटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, साधे, बॉनेट उघडताच सर्व भाग डोळ्यांपुढे मांडलेले. गिअरची दांडी सुकाणूच्या चाकाजवळ असल्याने पुढचे आसन सलग बाकासारखे राही. दिवसा त्यावर चालकाशेजारी चौथा उतारू बसे, आणि ज्याला मुंबईत खोली नव्हती असा चालक रात्री त्याच बाकावर अंग टाकी. उत्तर प्रदेशातून, मंगळूरकडून, कोकणातून आलेल्या कित्येकांचे ह्या शहरातील पहिले घर ते बाक होते. लंडनच्या वा न्यूयॉर्कच्या कोणत्याही नियमावलीत असा गुण लिहिलेला सापडणार नाही.

आणि सर्वांत मोठा गुण तिच्या बाहेर होता. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ती तोंडपाठ होती. मागचे पाटे तुटले, क्लच घसरू लागला, पाण्यात उभी राहून इंजिन बंद पडले, तरी दुरुस्ती त्याच दिवशी, त्याच गल्लीत आणि आवाक्यातल्या पैशांत होई. एक गाडी दिवसा एकाच्या व रात्री दुसऱ्याच्या हाती असे; ती एक दिवस उभी राहिली तर दोन घरांची मिळकत बुडे. बर्सीच्या विजेच्या गाडीला जे साधले नाही ते ह्या इटालियन कुटुंबाच्या मोटारीला साधले.

पण ह्या गुणगानात एक गोष्ट झाकली जाऊ नये. ही निवड संपूर्णपणे चालकाचीही नव्हती. परवान्यांच्या त्या काळात देशात बनणाऱ्या मोटारींची नावे एका हाताच्या बोटांवर मोजता येत, आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. लंडनमध्ये नियमाने स्पर्धा अडविली, मुंबईत परवान्याने. परिणाम दोहीकडे सारखाच, तीच गाडी पिढ्यानपिढ्या. मिस्त्रीचे कसब त्या अडवणुकीतून वाढले. आणि तिचे उणेपण सोसले ते उतारूने, मुकाट्याने, कारण त्याच्यापुढेही दुसरी टॅक्सी नव्हतीच.

तिसरा हक्कदार जो शहर, त्याने आपले म्हणणे उशिरा मांडले. धुराविषयीच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने दाबाखालील नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. चालकाला तो स्वस्त पडला, शहराची हवा थोडी सुधारली. आणि वायूचे अवजड नळकांडे ठेवावयाचे कोठे, तर डिकीत. म्हणजे सामानाची जागा गेली. उतारूच्या पेट्या टपावरच्या लोखंडी कॅरियरवर गेल्या. मीटर बॉनेटच्या कडेला बाहेर बसविलेला असे. भाडेवाढ झाली तरी त्याचे आकडे जुनेच राहत, म्हणून छापील दरपत्रक पाहून हिशेब करावा लागे. बाहेरगावचा उतारू ते कोष्टक डोळ्यांपुढे धरून खिडकीच्या उजेडात चाचपडत असलेला दिसे; त्याचा संशय कधी खरा असे, कधी खोटा. ह्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विजेचे मीटर आले आणि ते कोष्टक गेले.

पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले होते. तिची जागा सँट्रो, वॅगन आर यांसारख्या गाड्यांनी घेतली. ह्याही कुटुंबासाठीच बनविलेल्या, पण टप उंच, आसने बरी, इंजिन निमूट. त्यांत पुढे सलग बाक नाही, त्यामुळे चालकाची रात्रीची सोय गेली. बॉनेटखाली काय चालले आहे हे सांगावयास आता कित्येकदा कंपनीच्याच कारखान्यातील यंत्र लागते, त्यामुळे गल्लीतल्या मिस्त्रीचेही काम घटले. लंडनमध्ये २०१८ पासून नव्याने परवाना मागणारी टॅक्सी निदान काही अंतर धूर न सोडता जाणारी असावी लागते. बर्सीची वीज सव्वाशे वर्षांनी परत आली आहे, २५ फुटांची अट कायम आहे, आणि गाडीची किंमत ऐकून चालक पूर्वीसारखाच कपाळाला हात लावतो.

मुंबईत नव्या टॅक्सींच्या डिकीतही वायूचे नळकांडे आहेच. म्हणून बडोद्याहून वा ग्वाल्हेरहून आलेल्या उतारूची ट्रंक अजूनही टपावरच्या कॅरियरवर चढते, आणि पावसाळ्याचे दिवस असले तर चालक मागून प्लास्टिकचा कागद काढून तिच्यावर दोरीने बांधतो.